डॅटसन २४०झेडला फायबरचे फेंडर फ्लेअर कसे बसवावेत

डॅटसन या नावाने २४०झेड ही स्पोर्ट्स कार विकणाऱ्या निसानने १९७१ साली जपानच्या बाजारात तिचीच २४०झेडजी ही आवृत्ती आणली. लांब केलेले टोकदार नाक आणि चारही चाकांवरच्या पत्र्याला, म्हणजे फेंडरला, बाहेरून बसवलेली रुंद कडी (फ्लेअर) ही तिची ओळख ठरली. शर्यतीच्या नियमांत राहून रुंद टायर वापरता यावेत, हा त्या कड्यांमागचा मूळ हेतू होता. साध्या २४०झेडची रुंदी १६३० मिलिमीटर होती; झेडजीची १६९० मिलिमीटर झाली. म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम ३० मिलिमीटरची भर पडली, पण तेवढ्याने गाडीचा सगळा तोंडवळा बदलला. आज ‘झेडजी फ्लेअर’ या नावाने बाजारात जे फायबरचे (काचतंतू आणि रेझिनचे) संच मिळतात, ते याच कड्यांचे कमी-अधिक नेमके अनुकरण असते. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांच्या गॅरेजमध्ये अशी जुनी झेड उभी आहे आणि ज्यांना हे काम स्वतःच्या हाताने करायचे आहे, त्यांच्यासाठी हे विवेचन आहे.

या कामात क्रमाला सर्वाधिक महत्त्व आहे. आधी चाक ठरवावे, चाकावरून फ्लेअरची जागा ठरवावी आणि फ्लेअरवरून पत्र्याची कापणी ठरवावी. बिघडलेली बहुतेक कामे हा क्रम उलटा केल्यामुळे बिघडतात: संच घरी आला की पहिल्या उत्साहात ग्राइंडर चालतो, आणि मग कापलेल्या जागेत मावेल असे चाक शोधत फिरावे लागते.

कापण्याआधीचा विचार

गाडी पहिल्या वर्षांतली असेल, तिचा मूळ पत्रा शाबूत असेल आणि इंजिन व चॅसिसचे क्रमांक कागदपत्रांशी जुळत असतील, तर तिला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा गाडीची किंमत तिच्या मूळ स्वरूपात असते. एखाद्या मालकाने पूर्वीच रंग बदलला आहे, मागच्या चाकांवरच्या कमानी गंजून त्यांत पुट्टी भरली आहे, अशी गाडी या कामासाठी योग्य. तिथला गंजका पत्रा एरवीही कापावाच लागणार असतो.

पुढचे फेंडर बोल्टने बसवलेले असल्यामुळे तिथे एक सोय आहे. मूळ फेंडर काढून, आतून तेल लावून, कोरड्या जागी जपून ठेवावेत आणि थोडे चेपलेले दुसरे जुने फेंडर विकत घेऊन त्यांवर प्रयोग करावा. मागे ही सोय नाही. मागचे क्वार्टर पॅनल, म्हणजे मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा, बॉडीला वेल्ड केलेले असते, आणि एकदा कापले की पूर्ववत करण्यासाठी नवा पत्रा आणून जोडण्याखेरीज मार्ग उरत नाही.

कायद्याचा मुद्दाही इथेच पाहिलेला बरा. जर्मनीत असा बदल तांत्रिक तपासणीत मंजूर करून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावा लागतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, तेव्हा टायर फेंडरच्या बाहेर किती दिसू शकतो याची चौकशी आपल्या राज्यात करावी. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. शिवाय पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये जी विंटेज नोंदणी सुरू झाली, तीत गाडी मूळ स्वरूपात असणे अपेक्षित आहे. म्हणून पुण्या-मुंबईतल्या हौशी मालकाने हे काम रस्त्यावरच्या गाडीवर करण्याचा विचार सोडून द्यावा.

चाकाचे हिशेब

२४०झेडवर कारखान्यातून १४ इंच व्यासाच्या आणि साडेचार इंच रुंदीच्या रिम येत असत व त्यांवर १७५ मिलिमीटर रुंदीचे टायर असत. चाक बसवण्याची चार नटांची रचना ११४.३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहे. फ्लेअर लावल्यावर लोक सहसा १५ इंची, आठ किंवा नऊ इंच रुंद रिम घेतात. रिमची रुंदी आणि ऑफसेट (हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, टेकणारे पृष्ठ रिमच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे ते; पृष्ठ आतल्या बाजूला असेल तर उणे) या दोन आकड्यांवरून चाक बाहेर किती येईल आणि आत किती जाईल, हे कागदावरच काढता येते. रुंदीचा निम्मा भाग घ्यावा. ऑफसेट उणे असेल तर तो बाहेरच्या बाजूस मिळवावा आणि आतल्या बाजूतून वजा करावा. उदाहरणार्थ, आठ इंची शून्य ऑफसेटची रिम हबच्या पृष्ठापासून दोन्ही बाजूंना सुमारे १०२ मिलिमीटर पसरते. नऊ इंची, उणे १५ ऑफसेटची रिम बाहेर सुमारे १२९ आणि आत सुमारे ९९ मिलिमीटर जाते. याचा अर्थ असा की दुसरी रिम बाहेरच्या बाजूला २७ मिलिमीटर अधिक जागा मागते, पण आतल्या बाजूला पहिलीपेक्षा तीन मिलिमीटर मोकळीच राहते. रिमची बाहेरची कड आणि टायरचा फुगवटा यांसाठी आणखी थोडी जागा धरावी.

आतली बाजू महत्त्वाची आहे, कारण या गाडीत पुढे आणि मागे दोन्हीकडे स्ट्रट, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेले खांब, आहेत आणि स्प्रिंग ज्या बशीवर बसते ती बशी टायरच्या अगदी जवळ येते. उंच टायर घेतला तर तो कमानीला लागण्याआधी या बशीला घासू शकतो. टायरचा व्यासही हिशेबाने घ्यावा: २०५/६० चा (रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६० टक्के) १५ इंची टायर सुमारे ६२७ मिलिमीटर व्यासाचा असतो, तर २२५/५० चा सुमारे ६०६. मूळ टायर ६४० च्या आसपास असल्यामुळे दुसऱ्या पर्यायात स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा सुमारे पाच टक्के अधिक दाखवील, आणि कमानीतली पोकळीही डोळ्यांना खुपेल.

चाक जितके बाहेर जाईल तितके स्टिअरिंग जड होते आणि हबच्या बेअरिंगवरचा ताण वाढतो. २४०झेडला पॉवर स्टिअरिंग नाही, हे पार्किंगमध्ये गाडी वळवताना पहिल्याच दिवशी जाणवते. रस्त्यावर रोज चालवायच्या गाडीला आठ इंचांच्या पुढे जाऊ नये, असे मला वाटते. दहा इंची रिम छायाचित्रात शोभतात.

रिम आणि टायर प्रत्यक्ष गाडीवर चढवून, स्प्रिंग कायमच्या उंचीवर आणून, टायरमध्ये योग्य हवा भरून गाडी सपाट फरशीवर उभी करावी. यापुढची सर्व मापे या स्थितीतच घ्यायची आहेत. जॅकवर उचललेल्या गाडीची चाके खाली लोंबतात आणि सगळीच मापे फसवी येतात.

फायबर हातात आल्यावर

संच आल्यावर प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरून पाहावा. जिथे प्रकाश जास्त आरपार येतो तिथे मॅट, म्हणजे काचतंतूंचा थर, पातळ पडली आहे. जेलकोटखाली, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थराखाली, हवेचे बुडबुडे राहिले असतील तर नखाने टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येतो. असे बुडबुडे आत्ताच फोडून भरावेत, कारण रंग झाल्यावर उन्हात ते आपोआप फुटतात. डाव्या-उजव्या जोडीची लांबी आणि गोलाई एकमेकांशी ताडून पाहावी. हाताने मॅट घालून तयार केलेल्या तुकड्यांत पाच-सहा मिलिमीटरचा फरक आढळला तर नवल वाटू नये.

साच्यातून तुकडा सुटावा म्हणून लावलेले मेण जेलकोटवर राहिलेले असते. आधी पॉलिश पेपर मारला तर ते मेण ओरखड्यांत घासले जाते आणि पुढे त्या जागी रंग धरत नाही. म्हणून आधी गरम पाणी व साबण, मग मेण आणि ग्रीस काढणारे द्रावण, आणि त्यानंतरच पॉलिश पेपर, हा क्रम पाळावा. नवे फायबर पूर्ण घट्ट होण्यास वेळ लागतो. ते काही दिवस उन्हात ठेवणे चांगले, पण नुसते जमिनीवर टाकू नये. गाडीवर टेपने जागच्या जागी बांधून ठेवावे, म्हणजे त्याला वाकडा आकार येणार नाही.

ज्या कडेतून स्क्रू जाणार ती कड साधारण तीन मिलिमीटर जाड असावी. पातळ वाटल्यास आतून पृष्ठभाग ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करून मॅटचे दोन थर चढवावेत. पॉलिएस्टर रेझिन वापरत असल्यास हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, साधारणतः एक ते दोन टक्के, घालावा. थंडीत लवकर सुकावे म्हणून अंदाजाने जास्त घातला तर थर तापून तडकतो. हा हार्डनर डोळ्यांत उडाला तर गंभीर इजा होते, म्हणून डोळ्यांवर बंद चष्मा हवाच. इपॉक्सी रेझिन जुन्या पॉलिएस्टरवर उत्तम चिकटते, पण इपॉक्सीवर पुन्हा पॉलिएस्टर नीट धरत नाही. आणि साध्या चॉप्ड मॅटमधले तंतू ज्या बाइंडरने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने नाही. तेव्हा इपॉक्सी वापरायचे असेल तर विणलेले कापड घ्यावे.

फायबरची धूळ अंगाला खाजते आणि फुप्फुसांत जाते. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, हातमोजे आणि बारीक धुळीसाठीचा मास्क घालूनच घासावे व शक्यतो पाणी लावून घासावे. काम झाल्यावर हात आधी थंड पाण्याने धुवावेत.

जागा ठरवणे

या टप्प्याला घाई करू नये. फेंडरच्या रंगावर सर्वत्र मास्किंग टेप लावून घ्यावी. तिच्यावर पेन्सिलीच्या खुणाही नीट उमटतात आणि रंगही वाचतो. फ्लेअरच्या माथ्यावर मध्यबिंदू काढून तिथून ओळंबा सोडावा आणि त्याची दोरी हबच्या मध्यावरून जाते की नाही ते पाहावे. त्यानंतर फ्लेअरच्या पुढच्या आणि मागच्या टोकांची फरशीपासूनची उंची मोजावी व तीच मापे दुसऱ्या बाजूला उतरवावीत.

इथे एक अडचण हमखास येते. पन्नास वर्षांच्या गाडीच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. कधीकाळी झालेला एखादा अपघात, कोणीतरी केलेली डेंटिंग किंवा कारखान्यातलाच फरक असतो. डावीकडे मापाने अचूक बसलेला फ्लेअर उजवीकडे त्याच मापाने तिरका दिसू शकतो. अशा वेळी पाच-सहा मीटर मागे जाऊन, गुडघ्यावर बसून, गाडीच्या कमरेवरून जाणाऱ्या रेषेशी फ्लेअरचा माथा समांतर दिसतो का ते पाहावे आणि मापपट्टीपेक्षा डोळ्याचे ऐकावे. दोन्ही बाजू एकाच वेळी कोणालाच दिसत नाहीत. वाकडेपणा दिसतो तो एकाच बाजूच्या रेषांमध्ये.

फ्लेअरची कड पत्र्याला सगळीकडे टेकणार नाही. दोन मिलिमीटरपर्यंतची फट पुढे सांध्यात बसणाऱ्या रबरी पट्टीत, म्हणजे पायपिंगमध्ये, झाकली जाते. त्याहून मोठी फट कडेचा आकार बदलूनच घालवावी लागते. त्यासाठी जिथे फ्लेअर बसणार त्या जागी टेपवर ८० नंबरचा पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून चिकटवावा आणि फ्लेअर जागेवर धरून थोडा पुढे-मागे घासावा. कडेचे जे भाग उंच आहेत तेवढेच झिजतात आणि कड त्या गाडीच्या त्याच फेंडरचा आकार घेते. मोठ्या फटींसाठी उलटा मार्ग आहे: पत्र्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म ताणून लावावी, कडेच्या आतल्या बाजूला फायबरमिश्रित पुट्टी द्यावी, फ्लेअर हलका दाबून ठेवावा आणि सुकल्यावर जास्तीचा भाग घासून टाकावा. स्क्रू आवळून फट मिटवण्याचा मोह टाळावा. ताणाखाली बसवलेले फायबर पहिल्या थंडीत स्क्रूच्या भोकापासून तडकते.

भोके पाडणे

फ्लेअरमध्ये भोके आधीच पाडलेली नसल्यास कडेपासून सारख्या अंतरावर एक रेषा आखून तिच्यावर सहा ते आठ सेंटिमीटरच्या अंतराने खुणा कराव्यात. अंतर दोरीने न मोजता बारीक कंपासने मोजावे, कारण हे स्क्रू शेवटपर्यंत दिसणार आहेत आणि एखादा चुकला तर पाहुण्यांना तोच आधी दिसतो. फायबरला नेहमी जेलकोटच्या बाजूने भोक पाडावे. खुणेवर टेप लावून, मागे लाकडी ठोकळा धरून, पहिले काही फेरे ड्रिल उलट दिशेने फिरवावे. त्यामुळे जेलकोट टवका न उडता कातरला जातो आणि मग सरळ दिशेने बिट आत न्यावा. या टप्प्यावर फक्त तीन मिलिमीटरचे भोक पुरे.

फ्लेअर जागेवर धरून माथ्यावरचे मधले भोक पत्र्यात उतरवावे आणि त्यात क्लेको, म्हणजे विमानाच्या पत्रेकामात वापरतात ती स्प्रिंगची तात्पुरती पिन, अडकवावी. त्यानंतर एक भोक पुढच्या बाजूला, एक मागच्या बाजूला, असे करत टोकांकडे जावे. एका टोकापासून सुरुवात केली तर सगळी चूक दुसऱ्या टोकाला साचते. सर्व पिना लागल्यावर पुन्हा एकदा मागे जाऊन पाहावे. अजूनही पत्रा कापलेला नाही. तीन मिलिमीटरची भोके वेल्डने बुजवता येतात.

पुढची कापणी

पुढचा फेंडर एकेरी पत्र्याचा असल्यामुळे हे काम सोपे आहे. फ्लेअर काढून भोकांच्या रेषेपासून चाकाच्या बाजूला साधारण १५ ते २० मिलिमीटर अंतरावर कापण्याची रेषा आखावी, फेंडर गाडीवरून उतरवावा आणि एक मिलिमीटर जाडीच्या कटिंग व्हीलने किंवा हवेवर चालणाऱ्या करवतीने थोडे थोडे कापावे. मूळ फेंडरची कड आत मुडपलेली असते आणि तिच्यामुळे पत्र्याला ताठपणा येतो. ती गेल्यावर फेंडर थरथरतो. म्हणून नव्या कडेचा आठ-दहा मिलिमीटरचा भाग हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) आत वळवून घ्यावा. कानशीने धार मोडावी, नंतर इपॉक्सी प्रायमर द्यावा.

मागची कापणी

खरी कसोटी मागे आहे. इथे दोन पत्रे आहेत: बाहेरचा क्वार्टर पॅनलचा आणि आतला, चाकाच्या घराचा, ज्याच्या वरच्या भागातच मागच्या स्ट्रटचा मनोरा उभा राहतो. कमानीच्या कडेला हे दोन्ही स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. गाडीला वेगळी चॅसिस नाही. सगळा भार या पत्र्यांच्या पेटीवर आहे. युगांडात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या शेखर मेहता यांनी १९७३ ची सफारी रॅली २४०झेडवर जिंकली, ती याच बांधणीच्या जोरावर आफ्रिकेतले रस्ते सोसून. कमान कापली की ती पेटी त्या जागी उघडी पडते, आणि ती पुन्हा न मिटवता फ्लेअर चढवून दिला तर मागच्या भागाचा ताठपणा कमी होतो, चिखल-पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये जाऊन गंज धरतो आणि आतल्या पोकळीतून धूर व धूळ गाडीत येते. विकत घेतलेल्या अनेक फ्लेअरवाल्या गाड्यांत हा भाग उघडाच सोडलेला सापडतो, कारण बाहेरून तो कोणालाच दिसत नाही.

सुरुवातीला बॅटरीची तार काढावी. या गाडीची पेट्रोलची टाकी मागे उजवीकडे फरशीखाली आहे आणि पेट्रोल भरण्याचे झाकण उजव्या क्वार्टर पॅनलवर आहे, म्हणजे भरण्याची नळी कापणीच्या जागेच्या अगदी जवळून जाते. टाकी रिकामी करून उतरवावी, नळ्या काढाव्यात आणि त्यानंतरच ग्राइंडर हातात घ्यावा. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते, तेव्हा उतरवलेली टाकी गॅरेजच्या बाहेर ठेवावी. काचांवर जाड ओले कापड टाकावे. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते डाग पुसून जात नाहीत. आतली सजावट व गालिचे काढून ठेवावेत, अग्निशामक हाताशी ठेवावा, आणि गाडी जॅकवर नव्हे तर स्टँडवर उभी असावी.

मागे भोकांच्या रेषेपासून सुमारे २५ मिलिमीटर जागा सोडून कापण्याची रेषा आखावी. ही जास्तीची जागा आतल्या पत्र्याच्या जोडासाठी आहे. पहिल्या फेरीत फक्त बाहेरचा पत्रा कापायचा आहे, म्हणून व्हीलची खोली बेताची ठेवावी. तो कापला गेला की खालची पट्टी आतल्या पत्र्याला लटकून राहते. आता आतला पत्रा कडेच्या जवळ, शक्य तितका लांब ठेवून कापावा आणि ती पट्टी काढून टाकावी. राहिलेल्या आतल्या पत्र्याला कडेपासून आडवे काप देऊन प्रत्येकी सुमारे २५ मिलिमीटर रुंदीच्या पाकळ्या कराव्यात. मग एकेक पाकळी हातोडीने वर व बाहेर वळवून बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला टेकवावी. मधल्या पाकळीपासून सुरुवात करून दोन्हीकडे गेले की गोलाई नीट साधते. पाकळ्या मोठ्या वर्तुळावर जात असल्यामुळे त्यांच्यामध्ये त्रिकोणी फटी उघडतात. लहान फटी वेल्डने भरतात, मोठ्यांना पत्र्याचे त्रिकोणी तुकडे कापून बसवावे लागतात. जिथे पाकळी पोहोचतच नाही, तिथे ०.९ किंवा १ मिलिमीटर पत्र्याची नवी पट्टी आकारात वाकवून मध्ये जोडावी. पाकळी ओढून-ताणून टेकवली तर बाहेरचा पत्रा आत खेचला जातो आणि पॅनलवर खळगा उमटतो.

दोन्ही पत्रे स्वच्छ करून, जोडाच्या जागी वेल्डखाली चालणारा झिंक प्रायमर लावून, क्लॅम्पने घट्ट धरावेत. बाहेरचा पत्रा सुमारे ०.८ मिलिमीटरचा असतो आणि उष्णतेने झटकन लाटा घेतो. म्हणून ०.६ मिलिमीटरच्या तारेने मिग वेल्डिंग करताना एकेक टाका घालावा: एक पुढे, एक मागे, एक मध्ये, आणि जागा हाताला सोसेल इतकी थंड झाल्याशिवाय शेजारी दुसरा टाका घालू नये. टाक्यांमधली अंतरे हळूहळू कमी करत आणावीत. या कंटाळवाण्या कामाला अख्खी दुपार जाते आणि तेवढी ती द्यावी. वेल्डिंग जमत नसेल तर इतके काम एखाद्या चांगल्या वेल्डरकडून करून घेण्यात कमीपणा नाही. दोन पत्रे चिकटवण्याचे इपॉक्सी पॅनल ॲडेसिव्हही मिळते, पण स्ट्रटच्या मनोऱ्याजवळच्या जोडाला मी स्वतः वेल्डच पसंत करीन.

टाके घासून झाल्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर जोडाच्या संपूर्ण लांबीला सीम सीलर (सांधा बुजवणारा लेप), आणि चाकाच्या बाजूने दगडांचा मार सोसणारे जाड लेपन द्यावे. दोन पत्र्यांमधल्या पोकळीत रंगकाम झाल्यावर मेण फवारावे.

रंगाकडे वळण्याआधी स्प्रिंग काढून, फ्लेअर पिनांनी लावून, चाक जॅकने हळूहळू वर नेऊन स्ट्रटच्या शेवटापर्यंत पोहोचवावे. पुढची चाके प्रत्येक उंचीवर दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहावीत; टायर सर्वांत आधी लागतो तो सहसा खालच्या पुढच्या कोपऱ्यात. टायर आणि धातू यांच्यात किमान १० मिलिमीटर मोकळीक हवी. ती नसेल तर आत्ताच आणखी कापावे, कारण आत्ता फक्त प्रायमर बिघडणार आहे.

स्क्रू, पायपिंग आणि सांध्याचा वाद

फ्लेअर पुट्टीने बॉडीत एकजीव करून घ्यावा की वेगळा दिसू द्यावा, यावर रंगारी आणि मालक यांच्यात नेहमी वाद होतो. एकजीव केलेला फ्लेअर पहिल्या वर्षी देखणा दिसतो हे खरे आहे. पण लोखंडी पत्रा आणि पॉलिएस्टर फायबर उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत. फायबरचे प्रसरण पत्र्याच्या साधारण दुप्पट असते. त्यात रस्त्याच्या हादऱ्यांची भर पडते आणि सांध्यावरून केसासारखी रेघ उमटते. ती पुन्हा भरली तरी पुन्हा उमटते. शिवाय एखादा फ्लेअर फुटला तर सबंध पॅनलचा रंग करावा लागतो. म्हणून फ्लेअर हा सुटा भाग आहे असे मानावे, तो सुटाच राहू द्यावा.

पत्र्यात एम५ मापाचे रिव्हेट नट, म्हणजे भोकात दाबून पक्के बसणारे नट, बसवावेत, त्यांना साधारणतः सात मिलिमीटरचे भोक लागते. भोकाच्या उघड्या कडेला प्रायमर लावल्यावरच नट दाबावा. फायबरमधले भोक मात्र सहा ते साडेसहा मिलिमीटर ठेवावे, म्हणजे फायबरला सरकायला वाव मिळतो. स्टेनलेस स्टीलचे गोल डोक्याचे स्क्रू, त्यांच्याखाली नायलॉनचा वॉशर आणि रिव्हेट नटच्या आट्यांत ते जाम होऊ न देणारे थोडे अँटी-सीझ असावे. साधे ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट स्वस्त पडतात, पण ओल्या-खाऱ्या हवेत लोखंडाला लागलेले ॲल्युमिनियम पांढरे पडून खराब होते, आणि फ्लेअर काढायचा झाला की प्रत्येक रिव्हेट ड्रिलने उडवावा लागतो.

फ्लेअर आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी किंवा व्हिनिलची पायपिंग घालावी. तिच्या चपट्या भागाला प्रत्येक स्क्रूसमोर खाच द्यावी आणि वळणावर थोड्या थोड्या अंतराने कात्री लावावी, म्हणजे ती गोळा होत नाही. स्क्रूही मधूनच सुरुवात करून, आधी सगळे सैल लावून, मग हाताच्या पेचकसाने आवळावेत. पायपिंग किंचित दबली की थांबावे. इथे बॅटरीवरचे ड्रायव्हर यंत्र वापरू नये.

रंग

रंग फ्लेअर सुटे करूनच द्यावा. टोचलेल्या सुईएवढी छिद्रे बारीक पुट्टीने भरून, भरपूर जाड प्रायमर देऊन, वर काळ्या पावडरीचा हलका हात फिरवून १८० आणि मग ३२० च्या पेपरने लाकडी ठोकळ्यावर घासावे, शेवटी ६०० चा वॉटर पेपर. काळेपणा जिथे राहतो तिथे खळगा आहे. कडेची आतली बाजू आणि भोकांच्या आतल्या भिंतीही रंगवाव्यात. उघड्या फायबरमध्ये पाणी शिरले की रंग आतून फुगतो. बॉडीच्याच रंगाचे फ्लेअर चांगले दिसतात. काळे ठेवले तर त्यांच्या कडेतली प्रत्येक वाकडी रेघ लपते, हे काहींना सोयीचे वाटेल.

पहिले काही किलोमीटर

चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावे. टायरच्या खांद्यांवर आणि फ्लेअरच्या आतल्या कडेला खडूची रेघ ओढून गाडी आधी रिकामी, मग मागे दोन पोती वजन ठेवून, एखाद्या गतिरोधकांच्या रस्त्यावरून हळू चालवावी. जिथली रेघ पुसली जाईल तिथे टायर लागतो आहे. शंभरेक किलोमीटर झाल्यावर सगळे स्क्रू एकदा हाताने तपासावेत, कारण पायपिंग दबून काही सैल होतात. त्यांना पाव फेरा पुरतो. पावसाळ्यानंतर किंवा बर्फ आणि मिठाच्या हंगामानंतर फ्लेअरच्या आतल्या पन्हाळीत साचलेला चिखल पाण्याच्या नळीने धुऊन काढावा, आणि दोन वर्षांतून एकदा मागचे फ्लेअर उतरवून सीम सीलरला कुठे चीर गेली आहे का ते पाहावे.